रिलिव्हर आला

...आणि वर ती पोरगी मला विचारते, सर, तुम्हाला इंग्लिश समजतं ना? समजतं ना म्हणजे काय? अवो, खालापूरच्या रंगाच्या कंपनीत अर्धं आयुष्य स्टोअर सांभाळलंय या साईनाथनं. गॅस्केट, व्हॉल्व्ह, इनवर्ड, आउटवर्ड, गेटपास, रिजेक्ट... दिवसभर तोंडात मराठी शब्द यायचा तो फक्त शिवी देताना. तुमाला सांगतो, इंग्रजी येतं मला. कंपनीत शिकलोय. आणि त्या कंपनीच्या इंग्रजीनंच माझी वाट लावलीय.

आता रिलीव्ह हा शब्द घ्या. शिफ्टला राबलेल्या कुठल्याबी माणसाला विचारा, रिलिव्हर म्हणजे काय? तुमची शिफ्ट संपली की तुमच्या जागेवर उभा राहायला येतो तो रिलिव्हर. तो आला तर तुमी घरी, नाय आला तर त्याची शिफ्ट तुमच्याच बोडक्यावर. बायको फोन करायची, निघालात का, तर मी काय सांगायचो? रिलिव्हर आला, निघालो. सुखाचा शब्द वो तो.

तर एक दिवस एचआरचा साहेब स्वतः स्टोअरमध्ये. ‘साईनाथजी...’ तिथंच वळखायला पायजे होतं मी. इतकी वर्षं ‘ए साईनाथ’ होतो, एकाएकी हा जी कुठून आला? पण नाय. ‘साईनाथजी, वुई आर रिलीव्हिंग यू फ्रॉम टुडे.’ आणि त्याच्या मागं उभा कोण, तर ऋषिकेश म्हणून एक पोरगा, इस्त्रीचा शर्ट, नवे कोरे सेफ्टी शूज. आदल्या दिवशी मी डबल शिफ्ट मारलेली, डोळे मिटत होते, म्हटलं साहेबाला दया आली, रिलिव्हर दिला. थँक्यू साहेब म्हटलं. दोनदा म्हटलं. त्या ऋषिकेशच्या हातात चाव्या दिल्या, कुठला रॅक हलतो ते दाखवलं, डब्यातली चवळीची भाजी राहिली होती ती बी त्याला खाऊ घातली, म्हटलं, बाबा, असाच वेळेवर येत जा. साहेबाला वाटलं असंल, काय मोठ्या मनाचा माणूस हाय हा.

दुसऱ्या दिवशी गेटवर कार्ड लावतो, तर मशीनचा दिवा लाल तो लालच. सिक्युरिटीचा किशोर, आमच्याच गावचा, म्हणतो, ‘साईनाथभाऊ, तुमाला रिलीव्ह केलंय.’ म्हटलं, ‘होय रं, म्हणून तर झोप काढून आलो.’ तो खाली बघाया लागला. ‘भाऊ... कायमचं केलंय.’

कायमचं! शब्द तोच हो. कामगाराच्या तोंडात घरी जा, साहेबाच्या तोंडात घरीच बस. आणि म्हणे मला इंग्रजी येत नाय. इंग्रजी येतं मला.

माझी लेक हर्षला, कॉलेजला जाते... जायची. ती म्हणाली, पप्पा, मी तुमचा रेझ्युमे बनवते. म्हटलं, बायोडाटा हाय की माझा, लग्नातला, रास-नाडीसकट. हसली नाय ती. तिचं पुढचं शिक्षण माझ्या नोकरीवर लटकलेलं, हसंल कशी? म्हणाली, मुलाखतीत काय काय विचारतात त्याची तयारी करूया. मी काय म्हणालो असंल? म्हटलं, बाय, तुझ्या जन्माआधीपासून कंपनीत हाय तुझा बाप. इंग्रजी येतं मला.

चौक गावाजवळ नवं गोदाम झालंय, तिथं मुलाखत. साहेब म्हणतो, ‘व्हॉट इज युवर स्ट्रेंथ?’ आता आमच्या कंपनीत स्ट्रेंथ म्हणजे आज माणसं किती आलीत, कँटीनवाला रोज विचारायचा, नायतर भात उरायचा. म्हटलं, सर, जनरल शिफ्टला भरपूर, सेकंडला निम्मी, रविवारी तर चूल पेटवायची बी गरज नाय. ‘अँड वीकनेस?’ म्हटलं, होता सर. टायफॉइडनंतर फार वीकनेस होता. डॉक्टरनं सलाईन लावली, आता ठणठणीत. साहेब इतका हसला, इतका हसला, चष्मा काढून डोळे पुसले त्यानं. मी बी हसलो. म्हटलं जमलं आपलं.

मग फोन. ‘सर, मी तेजश्री, एचआरमधून. तुम्ही शॉर्टलिस्ट झालात.’

आता मला सांगा, स्टोअरच्या माणसाला शॉर्ट म्हणजे काय? जे पायजे आणि नाय ते शॉर्ट. ग्लोव्हज शॉर्ट, गॅस्केट शॉर्ट, ब्रश शॉर्ट... ते सगळं कागदावर लिहून बोर्डाला टाचायचं, ती शॉर्टलिस्ट. इतकी वर्षं मीच टाचली. आणि आज त्या कागदावर माझंच नाव? तो साहेब हसत होता तो माझ्यावर? डोकंच फिरलं. म्हटलं, मॅडम, शॉर्ट तुमी, शॉर्ट तुमचं गोदाम, आणि सगळ्यात शॉर्ट तो चष्मेवाला! ती बिचारी घाबरत म्हणते, ‘सर... तुम्हाला इंग्लिश समजतं ना?’ येतं मला, म्हटलं, आणि फोन बंद करून टाकला. चालूच केला नाय.

संध्याकाळी हर्षलाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, कशी जिरवली. ती दप्तर खांद्यावरून काढायची थांबली. ‘पप्पा... शॉर्टलिस्ट म्हणजे निवडलं होतं तुम्हाला.’ बस, एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. लाज वाटली हो, पोटच्या पोरीसमोर मान वर करवंना. फोन चालू केला, तेजश्रीला लावला, माफी मागितली. म्हणाली, ‘सॉरी सर, पोझिशन क्लोज झाली.’ बघा, हा शब्द मात्र एका फटक्यात समजला.

हर्षला आता नेरळला एका रिसॉर्टच्या काउंटरवर बसते. कुणी विचारलं तर म्हणते, शिक्षणात गॅप घेतलाय. गॅप... अवो, व्हॉल्व्हला गॅप राहिला की काय होतं ते मला विचारा. गळतं. कुणाला दिसत नाय, पण गळत राहतं.

आणि मी दहिवलीच्या पुढं एका फार्महाऊसवर, दिवसपाळीला. मालक मुंबईचा. वॉचमन म्हणायचं नाय, केअरटेकर म्हणायचं, असं त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं. गेट तेच, खुर्ची तीच, काठी तीच. संध्याकाळी माझ्या जागेवर मोरू येतो, पलीकडच्या वाडीतला. बायकोचा फोन येतो, निघालात का? पूर्वी कसं पटकन सांगायचो, रिलिव्हर आला, निघालो. आता लांबून मोरूची सायकल दिसली की आधी गेटाला कडी घालतो. त्याला गेटाबाहेरच उभा करतो आणि रोज विचारतो, ‘मोरू, खरं सांग रं... आजच्यापुरता आलायस, का कायमचा?’

तो गेटातून हात घालून काठी मागतो. तो तरी काय सांगणार? त्याला बिचाऱ्याला इंग्रजी येत नाय.