दोन रिंगा

पाथर्डीतल्या मोबाईलच्या दुकानात वाल्मिकराव नंबर यायची वाट बघत बसले होते. शेजारी मायलेकींचं चाललं होतं.

“आई, हा बटनाचा डबा टाक आता. टचचा घे. बापूंचं तोंड तरी दिसंल.”

“त्यांचं तोंड पाठ हाय मला. फकस्त बॅटरी बदलायची.”

“कॉल फुकट झालेत, तरी बापू उसाच्या ट्रॅक्टरवरनं मिसकॉलच देत्यात!”

“एक रिंग म्हंजी पोचलो, दोन म्हंजी जेवलो. काल ह्याची बॅटरी गेली. जेवले का न्हाई, कळलंच न्हाई.”

“मग माझ्या फोनवरनं इचार की!”

“इचारलं की जेवलोच म्हनत्यात. रिंग तेवढी खोटी देत न्हाईत.”

वाल्मिकराव दुकानदाराला म्हणाले, “माझं राहू द्या. आधी यांची बॅटरी बघा.”