यमुताईंनी मागून आणलेला गाळ

बसा मंडळी, जरा सरकून बसा! खांबाला टेकलेत ते झोपणार हे मला ठाऊक आहे — झोपू द्या त्यांना! आज एकच प्रश्न. माणसानं अभिमान धरावा की सोडावा? सोडावा म्हणता? बरोबर! पण मी आज छाती पुढे काढून उभा आहे. का? ऐका.

आपल्या वरच्या आळीतल्या यमुताई देवस्थळी. बघा, नाव घेतल्याबरोबर चार जणींनी पदर सारखे केले! घर म्हणजे आरसा. पाहुण्यानं कप खाली ठेवायचा अवकाश, की धुऊन पालथा! त्यांची सून ऋचा. पोर सासरी आली, आणि पाठोपाठ तिचे मासे आले! हो, मासे! सोनेरी, जोडीचे, लहानपणापासून तिनं सांभाळलेले. लग्नानंतर वडिलांनी एसटीत मांडीवर डबा धरून ते इथं पोचवले. मुलीला काय दिलंत असं कुणी विचारलं, की ते अजून माशांचंच नाव घेतात.

तर मासे वाढले. खाणं वाढलं, आणि — देवळात बोलतो, क्षमा करा — घाणही वाढली! टाकीतलं पाणी गाळणारा फिल्टर पुरेना. म्हणून ऋचानं नवा पांढरा स्पंज आणि चिनीमातीच्या कड्या आणल्या. सासूबाईंना सांगून गेली, की हे जुन्या स्पंजाच्या जोडीला बसवायचंय, कामावरून आले की मी बसवते.

पण घरात चैत्रगौर बसलेली! हळदीकुंकू तोंडावर, आणि आराशीत टाकी मांडायची! यमुताईंना कुठला दम निघतोय? त्यांनी फिल्टर उघडला. आत काय? तपकिरी, बुळबुळीत, चिखलानं भरलेला स्पंज! बाई शहारल्या. दोन बोटांत धरला आणि थेट घंटागाडीत! फिल्टरचा डबा नळाखाली खसाखसा घासला, पाणी झाडून सगळं बदललं, नवा माल बसवला. टाकी अशी लखलखीत, की काच आहे की नाही कळेना!

हसता काय? तुम्हीही हेच केलं असतंत!

अहो, त्या चिखलात वस्ती होती! डोळ्यांना न दिसणारे जीव. माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं, ते पचवणारे हेच. नव्या स्पंजात कोण? कुणी नाही! चाळ बांधली, बिऱ्हाड यायचंय! दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ, आणि मासे वर येऊन तोंड उघडं टाकून धापा टाकतायत.

ऋचानं पाहिलं. टाकीपाशी खाली बसली आणि म्हणाली, "आई, बाबांना काय सांगू मी?"

यमुताई तिच्या शेजारी टेकल्या. आता उपाय काय, विचारलं. ऋचा म्हणाली, पिंपातलं शिळं पाणी घालून निम्मं बदलू, तेवढ्यानं जरा धीर येईल. पण खरा आधार म्हणजे चालू टाकीतला मळका स्पंज. तो नव्याच्या शेजारी ठेवला, तर आतले जीव लगेच कामाला लागतील.

आणि आळीत दुसरी टाकी कुणाकडे? मंदाताई बिवलकरांकडे! हिरवीगार, शेवाळ धरलेली! त्या घरात यमुताई पाणीसुद्धा पीत नसत. वर आळीभर सांगत, की बिवलकरांकडे चपला आत जाताना नव्हे, बाहेर येताना पुसाव्यात! मंदाताईंच्या कानावर ते गेलेलं. बोलणं बंद! आता बोला, कोण जाणार त्या दारात?

ऋचा उठली. यमुताईंनी तिचा हात धरला. "थांब. टाकला मी. मागायलाही मीच जाणार."

भर दुपारी, मंडळी, साऱ्या आळीच्या देखत गेल्या! कडी वाजवली. मंदाताई दार उघडून बघतच राहिल्या.

"मंदाताई, तुमच्या टाकीतला थोडा गाळ हवाय. सुनेचे मासे मरतायत. आणि तुमच्या घराबद्दल मी जे बोलत आले, ते चुकलं माझं."

टोमणा मारायचा हक्क होता हो! मी असतो तर सोडला नसता! पण त्या माउलीनं आत जाऊन आपल्या फिल्टरमधला स्पंज निम्मा कापला, टाकीच्याच पाण्यासकट पातेल्यात घातला आणि म्हणाली, "सुकू देऊ नका. लवकर जा."

मासे वाचले! हळूहळू खाली गेले, शेपट्या हलायला लागल्या. ऋचा रडली, यमुताई रडल्या.

मग हळदीकुंकू. आराशीत टाकी, आणि फिल्टरमध्ये पांढऱ्या स्पंजाला चिकटून तो काळाकुट्ट तुकडा! एकीनं टोकलंच, की यमुताई, तुमच्या घरात आणि हे? यमुताईंनी मंदाताईंना हाताला धरून पुढे आणलं, पहिलं कुंकू त्यांना लावलं आणि म्हणाल्या, "ते ह्यांच्या घरचं आहे. म्हणून माझ्या सुनेचे मासे जिवंत आहेत."

ह्याचा अभिमान मी धरतो! आपल्या गावची बाई आहे! लखलखीत फरशीचा अभिमान तिनं त्या दुपारी उंबऱ्यावर ठेवला, आणि तेव्हापासून आम्ही तिचा धरला. दोघींचा धरला! देवानं विचारलं तर त्यालाही सांगेन, हा मी सोडणार नाही!

टाळ्या नकोत. तुम्हीही एका दाराशी जायचं टाळताय. कुठल्या, ते मला माहीत नाही. तुम्हाला पक्कं माहीत आहे. बुक्का लावायला माझ्याकडे घाई करू नका. आधी तिकडे जाऊन या. देव कुठं जात नाही. पण त्या दारामागचं माणूस कायम राहणार नाही.