गोरक्षच्या वाट्याचं बोलणं

— नाही, तू आधी चहा घे, गोरक्ष, आणि असा माझ्याकडे बघू नकोस. वापी काय सातासमुद्रापार आहे? पेठवरून घाट उतरला की आलंच— बरं, आलंच नाही, पण येतं. आणि साहेबाचं म्हणशील तर तो आत्ता आत्ता मुंबईहून आलेला माणूस, हातात नवाकोरा मोबाईल, त्याला काय माहीत इथली माणसं कशी बोलतात ते? मघाशी मीटिंगमध्ये त्याने विचारलं, "गोरक्षला वापीच्या प्लांटला पाठवतोय, एनी प्रॉब्लेम?"— आणि लगेच घड्याळात बघितलं. त्याच्याकडे गप्प म्हणजे कबूल. आपल्याकडे गप्प म्हणजे काय? माणूस शब्द जुळवतोय! तू मान खाली घातलीस, घसा खाकरलास, मला कळलं की आता गाडी सुरू होणार— सगळ्या टेबलावर मला एकट्याला कळलं— आणि नेमकं मीच मध्ये तोंड घातलं.

आता शांतता मला सोसवत नाही, त्याला मी काय करू? मीटिंगमध्ये कोणी बोलेना झालं की मी काहीतरी बोलून टाकतो. म्हणून म्हटलं, "साहेब, आपल्या गेटवर बिबट्या आला होता ते ऐकलंत का?" आणि मग सुटलोच की रे— बिबट्या मळ्यातून आला, टाइम ऑफिससमोर रांगेत उभा राहिला, वॉचमन म्हणतो कार्ड दाखव, तर बिबट्या निमूट माघारी, का तर लेट मार्क लागला असता! साहेब डोळे पुसत हसला की नाही? तूही हसलास— जरासा. नाही हसलास? बरं. अन् हसता हसताच तो खुर्ची मागे सारून उठला, "गुड, मग गोरक्षचं ठरलं." झालं!

सकाळी माझ्या स्कूटरवर मागे बसून पुटपुटत होतास ते ऐकलं मी. "घरी आई आहे, तिला दिसत नाही, मला जमणार नाही." द्वारका चौकापासून अंबडपर्यंत, अख्खा रस्ता तेच. आणि दर वेळी त्या "आहे"वर अडखळायचास. तुझ्या तोंडी "शे" येतं, सटाण्याचा माणूस, येणारच— पण दसऱ्याला मशीनची पूजा झाल्यावर मी तुझी नक्कल केली, "मशीन बंद शे, साहेब शे का?", अख्खं कॅन्टीन लोळलं, अन् तेव्हापासून तू आधी मनात वाक्य धुऊन घेतोस, मग बोलतोस. तोवर विषय पुढे गेलेला. अरे, मजेत केली रे! प्रेमाने केली. तुझ्या आईसमोर, कुसाबाईंसमोरही केली असती— नाही, त्यांच्यासमोर नसती केली. परवा तुझ्याकडे आलो तर म्हातारी भिंत चाचपत एकटी मोरीपर्यंत गेली, आणि उज्ज्वलावहिनी केवढ्या खूश! हे घर हाताला पाठ व्हायला वर्ष लागलं म्हणाल्या. आता तिकडे पुन्हा…

हं, बोल. काय? तू नाही म्हणाला असतास तर कोणाला पाठवलं असतं? आता ते मला काय माहीत? म्हणजे साहेब सकाळी जिन्यात भेटला होता, पण तो कायकाय बोलतो— आपण हो हो करायचं. म्हणाला, "गोरक्ष नाही म्हणाला तर दीपक." पण दीपक काय मी एकटाच आहे का प्लांटमध्ये?

एकटाच आहे.

पण बिबट्या मी त्यासाठी नाही आणला, आईशप्पथ, तो आपोआप तोंडातून— थोडासा त्यासाठी. अरे, पोरीची दहावी आहे माझ्या, तिला मध्येच कुठे… शिव्या दे हवं तर, पण असा बसू नकोस.

अरे, उठलास कुठे? केबिनकडे? थांब, मी पण येतो! तुला नाही जमायचं, मी नीट समजावून सांगतो त्याला, आधी एखादा किस्सा टाकतो, जरा हसला-बिसला की हळूच तुझ्या आईचं—

काय?

बरं. नाही येत.