एक बिस्किट

उत्रेख्तचा मनोरा चढायच्या रांगेत सास्कियाच्या पुढे बहीणभाऊ उभे होते. दोन दिवसांसाठी सीमेपलीकडच्या गेंटहून आले होते, आणि बहीण आल्यापासून वैतागलेली होती.

“अरे योरिस, दोनशे किलोमीटर आलो आपण, आणि आईच्या जिवलग मैत्रिणीनं काय दिलं? एक कॉफी, एक बिस्किट. लगेच डब्याचं झाकण बंद.”

“इथली रीतच आहे ती, हिल्डा.”

“चारच्या ठोक्याला कोट हातात दिला. तीही रीतच असेल.”

“तू तिच्या संडासात गेली होतीस?”

“छे. तिथंही कागद मोजून दिला असता त्रूस मावशीनं.”

“आत भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर आहे.”

“इथं घरोघरी असतं. जागा काय पण निवडतात.”

“चौदा तारखेला आईचं नाव आहे.”

“जुनं असेल. आईला जाऊन तीन वर्षं झाली.”

“नवंकोरं आहे. परवा जन्मलेल्या पणतूचं नाव आणि आईचं, एकाच शाईत.”

सास्कियाच्या घरीही तसंच कॅलेंडर होतं. स्वतःच्या आईची ओळ तिनं एप्रिलमध्ये खोडली होती.

“चौदा म्हणजे उद्या,” हिल्डा म्हणाली. “मी मुद्दामच विषय काढला नव्हता.”

“मीही.”

“आपली गाडी किती वाजता?”

“सकाळी दहा.”

“संध्याकाळची कर. आणि मावशीला आत्ताच फोन लाव, नाहीतर दारात उभं करून डायरीत मोकळी वेळ शोधत बसेल.”

“काय सांगू?”

“सांग, केक आम्ही आणतोय. अख्खा.”