हॅम्स्टरला साखर बेतानं

...आणि वर मलाच विचारते, ‘साखर चिकटवायचा पगार देतात तुले?’ कोण म्हणजे काय, आमची आई! नागपूरहून इथं आयर्लंडमध्ये डंडॉकला आली, बॅग उघडायच्या आधी किचनमधलं प्रेस, म्हणजे इथल्या भाषेत कपाट, उघडलं आणि साखरेचा डबा थेट वरच्या फळीवर! का? तर माझी शुगर बॉर्डरवर. ‘निमिष, साखर बेतानं!’ लहानपणापासून हेच ऐकतोय. बाबांना डायबिटीस आणि पथ्य अख्ख्या घराला!

तुम्हाला सांगतो, मी लॅबमध्ये हॅम्स्टरच्या पेशी वाढवतो. त्या एक प्रोटीन बनवतात, ते शरीराच्या पहारेकऱ्यांना निरोप देतं, ‘उठा, व्हायरस आला!’ आता या निरोप्याच्या अंगावर साखरेच्या साखळ्या चिकटल्या तर तो टिकतो, नाहीतर बेट्याची गुठळी होते, काम शून्य! आणि माझी आठ महिने नुसती गुठळी! ऑक्टोबरला कॉन्ट्रॅक्ट संपतंय, व्हिसा त्यावरच, झोप उडालीय, आणि आमची बॉस ओर्ला म्हणते, ‘यू आर ग्रँड, निमिष!’ अहो, इथं छप्पर उडालं तरी ग्रँडच असतं! मग हळूच, ‘पण या महिन्यात जमलं नाही तर प्रोजेक्ट बंद.’

रविवारी आईपुढे रडगाणं गायलो. म्हणाली, ‘खायला काय घालतो त्या पेशींना?’

‘ग्लुकोज.’

‘किती?’

‘...बेतानं.’

‘काऊन रे? त्यांनाही डायबिटीस झाला का? पोटालाच पुरेना, त्या दुसऱ्याच्या अंगावर दागिने कुठून घालतील?’

घ्या! पीएचडी माझी, अक्कल हिची! अहो, ‘इतकं ते इतकं घाला’ असं लिहिलेलं असतं, आणि मी आठ महिने सगळ्यात कमी घालत होतो... हाताला वळणच तसं! बेतानं!

सोमवारपासून पोटभर घातलं. तीन आठवड्यांनी टेस्ट... गुठळी नाही! हा निरोप्या दिलेल्या दुसऱ्या पेशींवर व्हायरस सोडला, तरी त्या जिवंत! ओर्लानं मिठीच मारली, ‘दोन वर्षं वाढवून मागते!’ डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला बोलू?

धावत घरी आलो. आईही रडली, डबा खाली काढला, देवापुढे साखर ठेवली, म्हणाली, ‘ये, तोंड गोड कर.’ इतक्या दिवसांनी! मी हात पुढे केला...

मोजून चार दाणे.

‘साखर बेतानं!’

असो. पुढच्या जन्मी हॅम्स्टर कर रे देवा, निदान पोटभर तरी मिळेल!