दगडाची जुनी जागा

तुम्ही हसाल, पण आमच्या आबांना एका काउबॉयच्या सिनेमानं घाम फोडला होता. आबा म्हणजे माझे मोठे काका, मुक्ताईनगरकडचे केळीवाले. दुपारी जेवताना टीव्हीवर हॉलिवूडचा जुना सिनेमा लागला होता, हिंदीत. दोन शेजारी जमिनीवरून भांडतात, एक जण कुंपण सरकवतो, दुसरा गोळी लागून मरतो. नेहमीचंच. पण आबांचा घास हातातच राहिला.

"बांधाचा दगड मीच सरकवला व्हता," ते म्हणाले. "नामदेव मरेपर्यंत भांडला, मी कबूल नाही झालो. चाल, पहार घे."

नामदेवभाऊ, म्हणजे बांधापलीकडचे शेतकरी, जाऊन दोन वर्षं झाली होती. भर उन्हात आम्ही शेतात गेलो. आबांनी दगडापासून त्याच्या जुन्या जागेपर्यंत पावलं मोजली, केळीची वाळकी पानं बाजूला केली आणि एकदम थबकले. तिथं खड्डा तयार होता. त्या दगडाएवढाच. वर काढलेली माती अजून ओली होती.

"ही जागा कोणाला माहीत होती?" मी विचारलं.

"मले आन् नामदेवले."

पलीकडे नामदेवभाऊंची बायको तण निंदत होती. आबांनी हाक मारली, "अक्का, इथं कोनी खंदलं का?"

"हे गेल्यापासून त्या कोपऱ्यात कोनीच जात नाही, आबा."

आम्ही दगड ओढत आणला. तो खड्ड्यात बरोबर बसला. मी माती लोटायला वाकलो, तर आबांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे," ते हळूच म्हणाले. "खंदलं त्यानं, लोटीन मी."