लिकेजच्या मीटिंगमध्ये मालक उभे राहिले

आमी मूळचे लातूरकडचे, औसा तालुका, पण आता मोशीत येऊन इतकी वर्षं झाली की गावाकडं गेलं तर मला करमत न्हाई. आमचे मालक, म्हणजे नवरा, चाकणला कंपनीत, पत्रा दाबायच्या प्रेसवर, आन मी हितं मेसमध्ये पोळ्या लाटते, कंपनीतली पोरं जेवायला येतात तिथं. बसून राहायचं मला जमतच न्हाई, आताबी बघा, तुमी घरी येऊन बसलात आन मी उभीच हाय.

मालक पितात. म्हणजे पीत व्हते, काय म्हणावं ते माझं मलाच कळंना अजून. आधी पगाराच्या दिवशी सगळेच घेतात म्हणून, मग नाइट करून आलं की झोप लागत न्हाई म्हणून, मग फर्स्ट शिफ्टला निघताना हात थरथरतात म्हणून. काय सांगू तुम्हाला, प्रेसवर हात थरथरला तर काय व्हतं. शेजारच्या मशीनवरच्या माणसाची बोटं गेली, तो तर पीतबी नव्हता. तवापासनं माझ्या डोक्यात एकच, ह्या माणसाचे हात धड घरी आले पाहिजेत. सुपरवायझरनं दोनदा गेटवरूनच माघारी लावलं, म्हणला आता परत असे आलात तर येऊच नका. माळ घालून झाली, चहातून औषध चारून झालं, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथा झाल्या. चार दिवस बरं, की पुन्हा तेच.

मेसमध्ये एक भाऊ जेवायला येतात, फोर्कलिफ्ट चालवतात. पोरं पार्टीला बोलावतात तरी ते कधी जात न्हाईत. मी सरळ विचारलं, भाऊ तुमी कसं काय घेत न्हाई, माझं तोंड असलंच हाय. ते म्हणले ताई, मी लई घ्यायचो. कासारवाडीला आमच्यासारख्यांची मीटिंग असती, गुरुवारी संध्याकाळी, स्टेशनजवळ, शाळेच्या शेजारच्या हॉलात. फी न्हाई, डॉक्टर न्हाई, आडनाव कुणी विचारत न्हाई, एकेकानं उठायचं आन आपलं सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मालकांना कसंबसं राजी केलं, भाऊंची स्वतःची त्या आठवड्याला सेकंड शिफ्ट, म्हणून आमी दोघंच गेलो. मालक बसमध्ये खिडकीला टेकून बसले. मी मात्र दर स्टॉपला उठायची, आलं का म्हणून.

शाळा सापडली, शेजारी एका बिल्डिंगच्या खाली हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, माणसं बसलेली. बाहेर बोर्ड नसतो, असं भाऊ म्हणलेच व्हते. बसलो मागं. एक गृहस्थ उभे राहून सांगायलेत, चार वर्षं सोसतोय, घरात पाय ठेवू वाटत न्हाई, बायको वैतागून माहेरी गेली, पण वरच्यांना काही वाटत न्हाई. मला रडूच फुटलं. म्हणलं देवा, सगळ्या घरी हेच हाय. मग समोर बसलेल्या चेअरमननं आमच्याकडं बघितलं, तुमचं काय, बोला. मी तोंड उघडणार तेवढ्यात मालक उठले. माझं नाव भगवान, म्हणले, मला दारू सुटत न्हाई, माझे हात थरथरतात, मला भ्या वाटायलंय, मला सोडायची हाय. लग्न झाल्यापासनं मला भ्या वाटतंय असं हा माणूस कधी म्हणला न्हाई.

मग चेअरमन हळूच म्हणले, अहो, ही सोसायटीची मीटिंग हाय, वरच्या मजल्यावरच्या लिकेजची. पाठीमागं कुणीतरी हसलं. मला एवढी लाज वाटली आन एवढा राग आला, मी म्हणलं हसायला काय झालं, तुमच्या छतातनं पाणी गळतंय, आमचं घर गळायलंय. मालकांनी माझा हात धरला, चल, घरी जाऊ. गेलो असतो तर परत कधी आले नसते, हे मला पक्कं ठाऊक हाय. पण एक काकू उठल्या, चपला घातल्या, म्हणल्या चला मी दाखवते, शाळेच्या पलीकडच्या अंगाला हाय, माझा धाकटा भाऊ जातो. वाटेत त्यांनी काही विचारलं न्हाई, दारापर्यंत सोडलं आन परत लिकेजला गेल्या.

दारातनं मी ऐकलं, खऱ्या मीटिंगमध्ये मालकांनी पहिलं हेच सांगितलं, मी आताच पलीकडं सोसायटीला सांगून आलोय. असे हसले ते सगळे, मालकबी हसले. न पिता हसलेले मी लई वर्षांनी बघितले.

तवापासनं दर गुरुवारी जातो. ते आत, मी बाहेर पायरीवर. मधी एकदा घसरले, खोटं का बोलू, पण दुसऱ्या गुरुवारी गेले. माझंच सुटंना. कामावरनं आले की तोंडाचा वास घे, डबा हुंगून बघ, आंघोळीला गेले की खिसे तपास. तिथं पिणाऱ्यांच्या घरच्या बायकांचीबी मीटिंग असती, त्या म्हणल्या ताई, त्यांची दारू ते सोडतील, तुमची ही पाळत तुमी सोडा. मी म्हणलं तुम्हाला सांगायला काय जातं. पण त्यांचंबी तसंच झालेलं.

आज मालक म्हणले, तू नको येऊ, मी एकटा जातो. पहिल्यांदाच. मीटिंग कवाच सुटली असंल, बस मिळाली नसंल, हायवेला ट्रॅफिक असंल. स्टॉपपासनं घरापर्यंत दारूची दुकानं किती, ते मी डोळे झाकून सांगीन. फोन हातात हाय, लावत न्हाई. तुम्हाला उशीर व्हायलाय, कळतं मला. पण अजून एक कप चहा टाकते, तेवढं बसा. तुमी उठलात की मी स्टॉपवर जाऊन उभी राहीन, आन आज मला जायचं न्हाई.